शून्याची चूक

शार्दूल,
उद्या तुझी मुलाखत.
आपल्या या गावात मुलाकात म्हणजे नुसती भेट.
'ख'चा 'क' झाला की घशातला काटा निघतो.
तसाच जा, कुणाला तरी भेटायला गेल्यासारखा.

(हे मी सांगतेय,
जिला आदल्या रात्री
तुझ्या आजीनं तीनदा ओवा चारला होता.)

तुझ्या आईच्या सँडल घालून गेले होते,
एक नंबर मोठ्या.
प्रतापनगरच्या पुलावर पट्टा तुटला.
ओढणीची पिन काढून तिथं लावली
आणि मकरपुऱ्यापर्यंत
एका हातात फाइल, एका हातात ओढणी.

बाकांवर चौदा जण.
कुणी कुणाशी बोलेना.
फक्त छाणीचा एक दाढीवाला मुलगा
हळू आवाजात स्वतःलाच उत्तरं देत होता
आणि मध्येच स्वतःवर खूश होत होता.
त्याचं पुढे काय झालं, माहीत नाही.

"तुमच्यातला एक दोष सांगा."
मी म्हणाले, काम संपेपर्यंत मला जेवण जात नाही.
किरीटभाईंनी मानसुद्धा वर केली नाही.
सकाळपासून नऊ जणांचं जेवण
असंच अडलेलं असणार.
दोष सांगायचाच तर खरा सांग,
पण छोटा. तुझे मोठे मला माहीत आहेत.

मग त्यांनी व्हर्निअर पुढे सरकवला,
सोबत एक पितळी दांडी. मापा.
जबडे मिटले,
तर शून्यावर शून्य बसेना.
दोन रेघांचा फरक.
मला दिसलं. शप्पथ, मला दिसलं.
पण एवढी मोठी कंपनी,
भिंतभर काचेतली सर्टिफिकेटं,
त्यांचं हत्यार कसं चुकेल?
चुकत असेन तर मीच.
जे दिसलं ते माप सांगून टाकलं.

"कळवू," ते म्हणाले.
या शब्दाचा भविष्यकाळ
फार लांबचा असतो, बाळा.

सुरसागरापाशी उतरून सेव-उसळ खाल्ली.
डोळ्यांतल्या पाण्याला निमित्त हवं होतं.
गाडीवाला म्हणाला, बेन, तरी कमी घ्यायची.

सव्वीस वर्षं झाली.
पुढे दुसरीकडे लागले,
ओळखीतून. तेही लपवत नाही.
आता टेबलाच्या त्या बाजूला मीच बसते
आणि माझ्या ड्रॉवरमध्ये
शून्य चुकणारा एक व्हर्निअर असतो,
मुद्दाम ठेवलेला.

पाणी दिलं तर नको म्हणू नकोस.
ग्लास हातात असला की
विचार करायला चार घोट मिळतात.
पगार विचारला तर आकडा सांग.
'तुम्ही द्याल तो' म्हणू नकोस,
लोक खरंच तेवढाच देतात.
येत नसेल ते येत नाही म्हण,
आणि म्हटल्यावर हसू नकोस.

काल रिंकल सोळंकी आली होती,
वाघोडियाच्याही पलीकडून, दोन बस बदलून.
जबडे मिटले. थांबली.
ओठ हलले तिचे.
माझ्याकडे बघितलं,
मग भिंतीवरच्या सर्टिफिकेटांकडे,
मग म्हणाली, "बारा पॉइंट चव्वेचाळीस."

"आणखी काही सांगायचंय?"
इतकं तर मला कुणी विचारलं नव्हतं.
"ना," म्हणाली,
आणि खुर्ची आवाज न करता मागे सारून निघून गेली.

तिच्या फॉर्मवरचा गुणांचा रकाना
अजून कोरा आहे.
उत्तर चुकलं, हे तर उघड आहे.
पण तिला दिसलं होतं, शार्दूल,
आणि दिसण्याला किती गुण द्यायचे
हे त्या कागदावर कुठंच छापलेलं नाही.

असो. तुझ्यापुढे काहीही ठेवोत,
आधी मिटून बघ, मग माप.
चुकत असेल तर सांग,
आवाज कापला तरी चालेल.

आणि ते नवे बूट उद्यासाठी राखू नकोस.
आज रात्रीच घालून
दांडियाबाजारापर्यंत एक चक्कर मारून ये.