दार फळणीचा सण

फाटकाशी उभा होता पिवळ्या जाकिटातला पोरगा.
कानात तार, कमरेला वॉकीटॉकी,
ओठ सुकलेले. त्याचाही उपासच होता.
मी दोन मैल चालत आले होते हॅरोगेट रोडने,
पांढरी साडी, वर नवऱ्याचा जुना ओव्हरकोट,
पायांत कापडी बूट, आज चामडं चालत नाही म्हणून.
पिशवी नाही, फोन नाही,
मी मीच असल्याचा एकही कागद नाही.

नाव?
मिल्का आवासकर.
त्याने यादीवर बोट फिरवलं, खालपासून वर, पुन्हा खाली.
ऑगस्टातच आलोय आम्ही लीड्सला, म्हटलं,
लेस्टरहून.
आणि त्याआधी?
त्याआधी आवास, म्हटलं. अलिबागजवळ.
बोट थांबलं.

माफ करा, आम्ही सगळ्यांनाच विचारतो, तो म्हणाला.
(मागून आलेल्या लेवँटरबाईंना नाही विचारलं.
राग नाही आला.
आला, थोडासा.)

आज कुठला सण आहे, सांगाल?

शाळेतल्या पोरीसारखी मी ताठ उभी राहिले
आणि जिभेवर जे आलं ते
योम किप्पुर नव्हतं.
दार फळणीचा, मी म्हणाले.

त्याचा हात हळूच कमरेकडे गेला.

आता याला कसं सांगू, की
गलबत फुटलं, पुस्तकं बुडाली,
असं आमचे म्हातारे सांगत;
किनाऱ्याला लागलेल्यांना आठवत होतं ते इतकंच:
शनिवारी घाणा बंद,
आणि वर्षातून एक दिवस दारही बंद.
शेजाऱ्यांना आदल्या दिवशीच सांगायचं,
उद्या हाक मारू नका.
मग फळ्या लावून पांढऱ्या कपड्यांत बसायचं,
भुकेलेलं, न बोलता,
आत कोण येणार आहे ते नीटसं ठाऊक नसताना.

योम किप्पुर, मी म्हणाले शेवटी.
तो कानापर्यंत लाल झाला.
वीस वर्षांचा असेल. गेल्या वर्षीपासून
आठवड्याला दोन रात्री हे शिकतोय, नंतर कळलं:
गर्दीत हात कुणाचे बघायचे, पिशव्या कुणाच्या.
दार उघडलं, माझ्यामागे लागलं,
दोनदा खट्ट वाजलं.
आईच्या फळ्यांचा असा आवाज नव्हता.

दिवस गेला. डोकं दुखलं, चहा आठवला,
माणसं आठवली, ज्यांना मी फोन करत नाही.
संध्याकाळी शेवटच्या तेफिल्याला
पेटीचे पडदे उघडले, सगळे उभे राहिले,
आणि रब्बाय घोगऱ्या आवाजात म्हणाले:
नेइला म्हणजे मिटणं. लावून घेणं.
वरची दारं आता बंद होतायत, आत या.

मी हसले. मोठ्याने.
लेवँटरबाईंनी वळून बघितलं.
त्यांना कसं सांगणार,
की पुस्तक नाही, रब्बाय नाही, अक्षर नाही,
अशा कोकणातल्या बायांनी
नेमका हाच शब्द धरून ठेवला होता,
कढईचा कान धरावा तसा, पदराने.

शोफार वाजला. पोरगा आत आला,
जाकीट काखेत, कागदी पेल्यातलं पाणी एका घोटात.
माझ्यासमोर येऊन घुटमळला.
सकाळी काय म्हणाला होतात?
दार फळणी.
दार पलनी.
फळणी.
फलनी.
राहू दे, म्हटलं, तो ळ तुझ्या वाट्याला आलेला नाही.
पण पुढच्या वर्षी यादीत घाल मला.
घातलं, तो म्हणाला. आवासकर. एच नाही ना?

आज शिळा सण.
आपली गेलेली माणसं आज परत निघतात, आई म्हणायची,
त्यांना अडवू नये.
मी स्वयंपाकघराचं मागचं दार उघडं ठेवलंय.
गारठा आत येतोय, पाला आत येतोय,
बिन्यामीन वरून ओरडतोय:
अगं, हीटिंग चालू आहे!

असू दे.
अजून सगळे गेले नाहीत.