धुराचा रकाना

चाळीस वर्षं टॉवेलच्या कारखान्यात खतावणी लिहिली,
डावीकडे जमा, उजवीकडे नावे.
संध्याकाळी पैसा चुकला
तर जेवण घशाखाली उतरायचं नाही.
म्हणून घरात लग्न निघालं
की वही माझ्याकडे येते.

यंदा श्रीलता स्वतःच घेऊन आली, धाकट्या भावाची मुलगी, नवरी.
म्हणाली, पेद्दनाना, अजून एक रकाना आखा.
कशाचा?
धुराचा.
मला वाटलं, होमाचं बोलतेय.

मग तिने मोजायला बसवलं.
मकबूलचा जनरेटर, तासाला आठ लिटर.
फुलं बंगळूरहून, गार गाडीतून,
आणि बाळ्याच्या पलीकडे झेंडू झाडावरच वाळतोय.
पाण्याच्या बाटल्या दोन हजार,
ज्या गावात नळाची वाट चार-चार दिवस बघतात
तिथे दोन घोट पिऊन
खुर्चीखाली लवंडलेल्या.

टॉवेल-टोपीच्या आहेरापाशी मात्र मी अडलो.
आपल्याच मागावरचा टॉवेल,
या लग्नात मिळालेला, त्या लग्नात दिलेला,
घडी न मोडता सतरा मांडव फिरून
माझ्याच कपाटात परत आलेला.
काठाच्या चुकलेल्या धाग्यावरून ओळखला मी त्याला.
हा कुठे लिहू?
ती हसून हसून भिंतीला टेकली.

मुहूर्त सकाळी साडेआठचा धरला,
वैशाखाचं ऊन पत्र्यावर चढायच्या आत.
हॅलोजन गेले, कूलर निम्मे झाले.
अठराचे सहा पदार्थ झाले तेव्हा
इरप्पा आचाऱ्याने गळा काढला,
मालक, लोक शिव्या घालतील की.
म्हटलं, कडक भाकरी उरली तर महिनाभर खाऊ,
तुझी रसमलाई दुपारपर्यंत तरी थांबते का?
हात पुसायला कारखान्यातले डागी नॅपकिन,
पाण्याला भाड्याचे स्टीलचे पेले,
मोजून बाराशे.

मग ती म्हणाली, हे सगळं चिल्लर आहे.
खरा धूर येणाऱ्यांचा.
वरंगळच्या जीपा, सुरतची बस,
दुबईचा राजेशम.
यादी कापा.

मी यादीवर बोट ठेवलं.
नरसव्वा, भिवंडी. माझी बहीण.
गुडघे गेलेले, तरी रात्रभर बाकावर बसून येणारी,
मांडीवर पिशवी, पिशवीत माझ्यासाठी लोणचं.
हिला किती किलो लिहू, सांग.
श्रीलताने पेन्सिल खाली ठेवली.
तेवढी ओळ कोरी राहिली.
राजेशमला तिनेच फोन लावला,
तीन दिवसांसाठी नको रे अण्णा,
दिवाळीत ये, महिनाभर राहा,
तेव्हा जावई दाखवते.

लग्नाच्या दिवशी नऊ वाजून दहा मिनिटांनी
लाईट गेली.
फोटोवाला ओरडला, वरपक्षाकडचं कोणी ओरडलं,
आणि मागे कुणीतरी खटका ओढला.
चाळीस मिनिटं.
काळी रेघ सरळ चिंचेत शिरली,
अक्षता टाकणाऱ्यांत कोणी वर पाहिलं नाही.
मी घड्याळ पाहिलं.

पाया पडताना तिने कानात विचारलं,
जुळलं?
नाही, म्हटलं. पाच लिटर, वर थोडं.
लाल शाईने लिहिलंय.
खतावणीत खाडाखोड चालत नाही, बाळ.
तिने डोळे पुसले, डागी नॅपकिननेच.

पेले परत गेले अकराशे एक्क्याण्णव.
नऊ पेल्यांचे पैसे भरले, नावे टाकले, वही मिटली.

परवा भिवंडीहून फोन.
अरे, एक पेला माझ्या पिशवीत निघालाय,
पुढच्या खेपेला घेऊन येते.
तोंडावर आलं होतं,
एका पेल्यासाठी कशाला एवढा प्रवास,
कोणी येणारं असेल तर पाठव.
मग म्हटलं,
नको.
तूच आण.