एकतीस टक्के

टोलीडोत, जुन्या गालिच्यांच्या दुकानात
आमची शाळा भरते.
भिंतीत अजून दरपत्रकाचे खिळे.

राज्याकडून पत्र आलं: वाचन, एकतीस टक्के.
मार्चपर्यंत चाळीस करा,
नाहीतर कुलूप.

प्रूइटबाईंनी ते उभ्यानंच वाचलं, दोनदा,
मग चार घड्या घालून
एका डुगडुगत्या बाकाच्या पायाखाली सरकवलं.

त्या बाकावर झनाया बसते, पाचवीतली.
बोट शब्दाखाली, आणि शब्द
हिवाळ्यातल्या गाडीसारखा घरघरत राहतो,
सुरूच होत नाही.

हीच पोर रात्री, आई कामावर असताना,
धाकट्याच्या दम्याच्या बाटलीवरचं सगळं वाचते,
थेंबांच्या आकड्यासकट.

ते कुठल्या टक्क्यात धरायचं
मी पत्रात शोधणार होते.

पण बाक आता हलत नाही.
राहू दे.