सजा, खोली अकरा

शारजाच्या पाठीला, विमानतळ ओलांडून पुढे,
वाळू आणि सिमेंट एकाच रंगाचं होतं तिथे
आमचा कॅम्प. जागेचं नाव सजा.
आलो तेव्हा एकटाच हसलो होतो:
वडील कोतवाल, तलाठी सजेचे,
दप्तर डोक्यावर, तलाठ्याच्या मागे चार पावलं.
त्यांचा जन्म गेला एका सजेत,
मी समुद्र ओलांडून दुसरीत.

फरक इतकाच, की इथे खण माझा आहे.
खणात एकोणीस रिमोट,
प्रत्येकावर डॉक्टरपट्टी, पट्टीवर खोलीचा नंबर.
सकाळी सहाला एसी बंद, रिमोट जमा.
रातपाळीवाले दिवसा झोपतात
हे नियम करणाऱ्याच्या ध्यानात आलं नसावं,
किंवा आलं असेल.

अकराचा टेकबहादूर येतो,
डोळे लाल, पायांत दोन वेगळ्या चपला,
उभा राहतो. मी लगेच देत नाही.
आधी पेन शोधतो. पेन कानावरच असतं.
तारीख विचारतो. तारीख मला माहीत असते.
मग देतो.
तो दोन्ही हातांनी घेतो, कपाळाला लावतो:
‘मेहरबानी, सर.’
गारव्याबद्दल. जुलैत.

हे मी कुणाकडून शिकलो?
शिकलो नाही. येतंच होतं.
चौथीत मॉनिटर होतो,
गुरुजी चहाला गेले की खडू माझ्याकडे.
फळा केवढा मोठा असतो
ते खडू हातात आल्याशिवाय कळत नाही.

बारक्या भुवड बोलला नव्हता.
नुसता खिडकीबाहेर बघत होता,
पेरूवर खार होती.
मी त्याचं नाव लिहिलं.
का, ते आजही सांगता येणार नाही.
लिहिता येत होतं म्हणून.
मधल्या सुट्टीत त्याने खिशातून रायवळ आंबा काढला,
चड्डीला पुसला, माझ्यापुढे धरला.
मी नाव पुसलं.
आणि तो हसला,
मी त्याच्यावर उपकारच केले होते जणू.
त्याने मारलं असतं तर विसरलो असतो,
आईवरून शिवी दिली असती तरी.
ते हसू मात्र गेलं नाही.

काल माझ्या रजेचा कागद.
चार वर्षांनी; माझीच रजा, करारात लिहिलेली.
वर्गीससाहेब पेन शोधत होते.
पेन त्यांच्या खिशालाच होतं, मला दिसत होतं.
सही झाली, आणि माझ्या तोंडून
थँक यू निघालं, तीनदा.
पाठ किती वाकली ते काचेच्या दारात दिसलं:
बापाची पाठ, वर दप्तर नाही एवढंच.
आणि तोंडावर बारक्याचं हसू, जसंच्या तसं.

आज अकराचा रिमोट
दाराच्या कडीला अडकवून आलो, वहीत न लिहिता.
थोर काही केलं नाही.
उरलेले अठरा खणातच आहेत.

संध्याकाळी टेबलावर रिमोट परत,
पुसलेला, सेल नवे घातलेले,
शेजारी कागदाच्या तुकड्यावर तीन खजूर.
वही उघडली: तारीख, वेळ, खोली, सही.
याला रकाना नाही.

एक खाल्ला. गोड होता.
बी तोंडात धरून बसलोय केव्हाचा.