लॉस्ट

ग्रिम्सबीत, बंद पडलेल्या जोड्यांच्या दुकानावर
एक खोली आहे. दर मंगळवारी सहाला
हिल्डा स्टॅनिफोर्थ तिथला हीटर लाथ मारून चालू करते
आणि फळ्यावर आठ चौकोन आखते.

आठ घरं, ती सांगते.
इंग्रजीतला प्रत्येक शब्द
यांतल्या कुठल्या तरी घरात राहतो.
"भाडं किती?" रिबवार विचारतो.
महिनाभर तो खोली शोधतोय.

नामांचं घर पटकन भरतं:
बर्फ, सुरी, हॅडॉक, सरकता पट्टा, सुपरवायझर.
सगळे मासळीच्या कारखान्यातून तडक आलेले,
लिंबानं चोळूनही हातांचा वास जात नाही.
राहू द्या, हिल्डा म्हणते,
हे या गावाचं विशेषनाम.

दाइवाला 'द' कुठं घालावा ते कळत नाही.
तिच्या लिथुएनियनमध्ये तो नाहीच.
चिमटीनं टाकते ती, मिठासारखा, अंदाजानं,
आणि एखादं वाक्य खारट होतं.

क्रियापदाला तर भारी घाई.
कर्ता उंबरा ओलांडतो न ओलांडतो
तोच हे दारात हजर.
लेतेब्रहानला हा उद्धटपणा वाटतो.
तिच्या तिग्रिन्यात आधी माणूस,
मग त्याचं गाव, त्याची शेळी,
तो कुणाला भेटायला निघाला होता ते,
आणि सगळं मांडून झालं की मग
काय झालं ते.
तोवर ऐकणाऱ्याला कशाला तरी धरून बसता येतं.
मराठीत हे लिहिताना
मलाही शेवटपर्यंत थांबता आलं.

आज शब्दयोगी अव्ययं.
हिल्डा दर वर्षीचं तेच वाक्य लिहिते:
माय फादर वॉज लॉस्ट अ‍ॅट सी.
'अ‍ॅट'खाली दोन रेघा.
समुद्राच्या आत नाही, समुद्राच्या वर नाही,
अ‍ॅट. जसं घरी असणं, कामावर असणं.
एकोणीस वर्षं वर्ग त्या दोन रेघांकडेच बघत आला.

लेतेब्रहान हात वर करते.
"लॉस्ट. कुठल्या घरात?"

"क्रियापद," हिल्डा म्हणते,
आणि खडू फळ्यापासून बोटभर अंतरावर थांबतो.

"कारण," लेतेब्रहान एकेक शब्द चाचपत म्हणते,
"क्रियापद असेल तर झालं. एकदाच. संपलं.
विशेषण असेल तर ते अजून तसेच आहेत.
ओला कोट. लाल डबा. हरवलेले वडील.
कुणाला सापडतीलसुद्धा."

खाली रस्त्यावर बस थांबते, निघते.

फेब्रुवारी होता. आइसलंडच्या उत्तरेला
दोऱ्यांवर बर्फ चढून जहाज वरूनच जड झालं,
असं नंतर कंपनीच्या माणसानं टोपी हातात धरून सांगितलं.
हिल्डा सहा वर्षांची, जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर.
आईनं दोन वर्षं विम्याच्या कागदावर सही केली नाही.
शेजारणी म्हणाल्या, हट्टी बाई आहे,
पोरांच्या तोंडचा घास काढते.
तिचा हट्ट कशासाठी होता
ते कुणी विचारलं नाही,
सहा वर्षांच्या मुलीनं तरी काय विचारावं.

हिल्डा चष्मा काढून स्वेटरला पुसते.
"मला माहीत नाही," ती म्हणते.
शिक्षिका असं म्हणते तेव्हा
वर्ग वहीतून मान वर काढतो.

मग ती 'लॉस्ट' लिहिते,
क्रियापद आणि विशेषण यांच्या मधल्या रेघेवर,
अर्धा इकडे, अर्धा तिकडे,
'ओ' नेमका रेघेवर बसलेला.

शेवटचं घर उद्गारांचं. ओह, अलास, वगैरे.
ते आज रिकामंच राहिलं.
साडेसातला हीटर आपोआप विझला,
दाइवानं खुर्च्या एकात एक रचल्या,
आणि जिना उतरताना लेतेब्रहान
तोंडातल्या तोंडात घोकत होती:
अ‍ॅट वर्क. अ‍ॅट होम. अ‍ॅट सी. अ‍ॅट होम.