पोटॅश

साडेसातला लॅब उघडते तेव्हा
तोताराम नेहेते बाकावर असतात,
बाही आधीच दुमडलेली.
"काढ पोरी, तुझं माप काढ."
चाळीस वर्षं सावद्याच्या धक्क्यावर
वॅगनीत चढणारे घड मोजले त्यांनी.
मापावर विश्वास आहे,
माणसावर त्याहून थोडा कमी.

हृदय तीस टक्के चालतं.
पायावर बोट दाबलं की खळगा राहायचा,
ओल्या आळ्यात टाच रुतावी तसा.
मग ती गोळी आली, पंचवीसची, सकाळची,
अंगातलं पाणी सोडणारी
आणि पोटॅशियम धरून ठेवणारी.
पंधरा दिवसांत चपला पायात शिरल्या.
गच्चीवर गेले, एकटे,
आणि वरून बराच वेळ
शेजाऱ्याची बाग बघत बसले.

डॉक्टरांनी बजावलं होतं:
केळं नको, नारळपाणी नको,
गुडघा धरला तर मनाने गोळी घेऊ नका,
जुलाब-वांत्या झाल्या तर आधी फोन,
आणि महिन्याला रक्त.
यातलं पहिलंच ऐकून ते हसले.
"साहेब, अठी तं बकरीबी केळं खाते."
पण सोडलं.
नातवाच्या वाढदिवसाला शिकरण झालं
तर ताट घेऊन ओसरीवर गेले.

चार पॉइंट सहा. चार आठ. चार सात.
माझ्या वहीत त्यांची ओळ
सरळ सरीसारखी चालली होती.

आज सहा पॉइंट चार.

वाटलं, सुई अडली असेल,
पेशी फुटल्या असतील, आकडा खोटा असेल.
नळी खिडकीशी धरली.
वरचं पाणी स्वच्छ,
लाली नाही कुठेच.
पुन्हा लावलं. सहा पॉइंट चार.
डॉक्टर म्हणाले, "आत्ता आणा."
त्यांचा फोन लागेना.
स्कूटी काढली,
फैजपूर ते सावदा,
दोन्ही बाजूंनी केळी,
ठिबकच्या टाकीत कुणी पोती रिकामी करत होतं,
घड भरावा म्हणून.

वैजयंती, त्यांची सून, भाकरी थापत होती.
विचारलं, काही नवीन खाल्लं?
"काहीच नाही गं. उलट मीठपण बदललं,
जळगावहून आणलं, महागाचं,
त्यावर हृदयाचं चित्र आहे."
पुडा उलटा केला.
मागे, मुंगीएवढ्या अक्षरांत:
पोटॅशियम क्लोराइड.

तीन आठवडे. वरणात, भरतात,
कळण्याच्या भाकरीत,
ती माया मोजून घालत होती.
पिठाचे हात तसेच धरून उभी राहिली.
तोतारामबाबांनी पुडा घेतला, चष्मा लावला,
शेजारच्या शेतातल्या पोत्याकडे बघितलं.
"म्हंजे पोरी, मले खत घातलं का?"
आणि हसले,
आणि हसता हसता भिंत धरली.

मशीनच्या कागदावर
त्यांच्या हृदयाची शिखरं उंच, टोकदार झाली होती,
कधी नसतात तशी.
शिरेतून कॅल्शियम गेलं,
मग साखरेचं पाणी आणि इन्सुलिन.
रात्री अकराला पाच पॉइंट तीन.
वैजयंती बाहेर जिन्यावर बसली होती.
तिला म्हटलं, चूक तुझी नाही.
तिला पटलं नाही.
मला तरी कुठे पटलं होतं?
महिन्याला सुई टोचते,
पण जेवता काय, हे कधी विचारलं नव्हतं.

गोळी थांबली. मग अर्धी सुरू झाली.
आता आठवड्याला येतात,
बाही दुमडून.
परवा नळी भरल्यावर उठले नाहीत.
दाराकडे पाहिलं,
आवाज अगदी खाली आणला:
"एक सांगू? चार महिने झाले.
छाती दुखते. आतून नाही. वरून.
फुगली आहे, बायकांसारखी.
उकाड्यातबी जाड बंडी घालतो.
कुणाले सांगू?"

म्हटलं, बाबा, गोळीचंच आहे ते,
होतं पुष्कळांना,
दुसरी गोळी असते, डॉक्टरांना मी सांगते.
ते बराच वेळ गप्प.
मग बाही खाली करत म्हणाले,
"आन् हे नाही लिहीत का तू वहीत?"

वही उघडली.
त्यांच्या ओळीपुढे
त्याच्यासाठी रकानाच नव्हता.
समासात लिहिलं.