अडीच इंच

रुस्तावीत गिऱ्हाईक आधी ऐकू येतं, मग दिसतं.
गेलाची जुनी बीएमडब्ल्यू मात्र
चढावर थांबत थांबत आली,
दम लागलेल्या माणसासारखी.

"तीन इंची पाइप टाका," तो म्हणाला.
"सरळसोट. मध्ये काही नको.
पुलापलीकडून कळलं पाहिजे कोण येतंय."
बाबा वाकले, बोटानं नळीचं तोंड पुसलं,
काजळी हुंगली.
"तीन इंच ट्रकला. तुला अडीच."

भांडले दोघं. चहा निवला.
गेला म्हणे, जेवढी रुंद तेवढी ताकद.
बाबा म्हणाले, उघड्या तोंडानं हाक मारता येते,
पण शीळ?
शिळेला ओठ आवळावे लागतात.

इंजिनला हवा घेता येते. कुणालाही येते.
अडतं ते सोडताना.
सहा सिलिंडर, सहा नळ्या, एका मापाच्या,
मिलिमीटरचाही दुजाभाव नाही.
पावाच्या भट्टीपुढं रांग असते ना, तसं:
पहिला पाव घेऊन वळला
की मागचा आपोआप पुढं ओढला जातो.
ढकलायचं नाही कुणी.

मी टॉर्च धरते. आरगॉनचा कॉक सोडते. वहीही माझीच.

जुना कन्व्हर्टर काढून हलवला तर आत खुळखुळा,
पोळ्यासारखी जाळी वितळून बुजलेली.
नाक्यावरचा नोदारी यातल्या चिमूटभर धातूला
रोख मोजतो.
"विकू या," गेला म्हणाला, "जागेवर पोकळ डबा बसवा."
बाबांनी नवा आणायला लावला.
"धूर कुणाच्या तरी नाकात जातोच."
हे बोलताना ते पोलाद कारखान्याकडे बघत नाहीत.

एकवीस वर्षं काढली तिथं, तिसऱ्या भट्टीवर.
मार्चमध्ये तिबिलिसीच्या डॉक्टरीणबाईंनी
पांढरी नळी तोंडात दिली:
फुंका. आणखी. आणखी. सोडू नका, आणखी.
पडद्यावर रेघ चढली आणि लगेच आडवी झाली.
चौपन्न टक्के.
बाबांनी विचारलं, "ही नळी किती इंचाची?"
मी हसले.
मग बाहेर व्हरांड्यात
पावती वाचत बसले, तीन ओळींची पावती,
बराच वेळ.

वेल्डिंग करताना ते श्वास रोखतात,
हात हलू नये म्हणून.
पूर्वी एका दमात एक सांधा व्हायचा.
आता तीन लागतात.
मध्ये काच वर करून म्हणतात, "टॉर्च नीट धर,"
टॉर्च नीटच असते.
टाका मात्र तोच: खवल्यावर खवला, माशाची पाठ,
कडेला निळा, मग जांभळा, मग गवताचा पिवळा,
गाडीखाली, जिथं कुणी पाहणार नाही.

संध्याकाळी चावी फिरली.
गेलाला हवी होती डरकाळी.
आली खर्जातली गुणगुण. त्याचा चेहरा पडला.
"चालवून ये आधी," बाबा म्हणाले.
पुलाच्या अलीकडे, तीन हजारांवर,
तो आवाज उघडला,
गच्चीवर वाळत घातलेली चादर एकदम वाऱ्यात भरावी तसा.

परत आला तेव्हा भांडायचं विसरला होता.
"चौदा घोडे वाढले!"
"नऊ," बाबा म्हणाले.
शंभर लारी उधार राहिले. मी वहीत मांडले.

तो गेला. आम्ही पायरीवर.
पुलापलीकडे दुसरा गिअर पडला, मग तिसरा.
बाबांनी डोळे मिटले,
ओठ आवळले, शीळ घालायला.
नुसती हवा आली.

मी काही म्हणाले नाही.
त्यांनी पुन्हा आवळले.